इंजेक्टर क्लीनर की इंजिन फ्लश? कोणती बाटली, किती आणि कोणत्या क्रमाने

गाडीचा पिकअप गेला, ॲव्हरेज पडलं, सिग्नलला इंजिन थरथरायला लागलं की बरेच जण थेट स्पेअर पार्टच्या दुकानात जातात आणि ‘इंजिन क्लीनर द्या’ म्हणतात. दुकानदार फळीवर असेल ती बाटली काढून देतो. ती पेट्रोलमध्ये घालायची की ऑइलमध्ये, हे घरी आल्यावर कळतं; काहींना तर ओतून झाल्यावर. कोणी ७० लिटरसाठीची बाटली ३२ लिटरच्या टाकीत रिकामी करतं, कोणी क्लीनर घालून महिनाभर सीएनजीवर फिरतं. आणि मग ‘काही फरक पडला नाही’ असा निकाल लागतो.

द्रावक जिथे पोहोचतो तिथलीच घाण निघते, एवढं एक सूत्र धरलं तर यातल्या बहुतेक चुका टळतात. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. क्रम बदलला तर एक तर पैसे वाया जातात किंवा नवं ऑइल.

१. आधी घाण कुठे आहे ते शोधा

इंजिनात घाण साचण्याच्या तीन वेगळ्या वाटा आहेत. इंधनाची वाट: टाकी, पंप, इंजेक्टर, ज्वलनकक्ष. हवेची वाट: थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) आणि त्यापुढचं मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्या. तेलाची वाट: संप (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं), ऑइलचे मार्ग, पिस्टनच्या रिंगा. टाकीत घातलेलं क्लीनर थ्रॉटल बॉडीला शिवतसुद्धा नाही. ऑइलमध्ये घातलेला फ्लश, म्हणजे ऑइल बदलण्याआधी इंजिन आतून धुणारा द्रावक, इंजेक्टरपर्यंत जात नाही. तिन्ही वाटा एकाच बाटलीत साफ होतात असं लेबलवर लिहिलं असेल, तर ती बाटली फळीवर परत ठेवा.

पण त्याआधी मुळात घाणच आहे का, हे बघायला हवं. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. स्पार्क प्लग काढून टोकं बघा. टायरमधली हवा तपासा. गाडी थोडं अंतर चालवून चाकांच्या रिमजवळ हात न्या. एखादं चाक इतरांपेक्षा फार तापलेलं असेल तर ब्रेक धरून राहतोय, आणि ॲव्हरेज तिथे जातंय. मिसिंग मारणाऱ्या गाडीत इग्निशन कॉइल गेलेली असेल तर जगातलं कोणतंही क्लीनर ती दुरुस्त करणार नाही.

एक स्वस्त ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) घ्या किंवा मेकॅनिककडचा लावून घ्या. त्यात ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा दिसतो, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी इंधन देतोय ते. इंजिन गरम झाल्यावर तो आयडलिंगला (गाडी उभी, पाय ॲक्सिलरेटरवर नाही) बघा आणि मग २,५०० आरपीएमवर धरून बघा.

- आयडलिंगला आकडा बराच अधिक (समजा १० टक्क्यांच्या वर) आणि आरपीएम वाढवल्यावर तो शून्याकडे येतो: कुठेतरी हवा आत घुसते आहे. व्हॅक्यूमचा पाइप, गॅस्केट बघा. क्लीनरचं काम नाही.
- आरपीएम आणि लोड वाढवल्यावर आकडा आणखी वर जातो: इंधन कमी पोहोचतंय. इंजेक्टर तुंबले असतील, पण फिल्टर किंवा पंपही असू शकतो. इंधनाचा दाब मोजून घ्या.
- आकडा शून्याच्या आसपास, स्कॅनरवर बिघाडाचा कोड नाही, इंजिन शांत: साफसफाईची गरजच नाही. बाटलीचे पैसे चांगल्या ऑइलवर खर्च करा.

इथे एक वेगळी तक्रार हमखास मिसळते. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच. तो घाणीचा परिणाम नाही, आणि ‘इथेनॉल प्रोटेक्शन’ लिहिलेली बाटली ती ऊर्जा परत आणू शकत नाही.

भेसळीचा संशय असेल तर आधी पंपावर फिल्टर पेपर मागा. नोझलचं तोंड पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाका. दोनेक मिनिटांत तो उडून जायला हवा आणि डाग राहायला नको. डाग राहिला तर घनता तपासायला सांगा. १५ अंश सेल्सिअसला रूपांतरित केलेली घनता पंपाच्या नोंदीपेक्षा घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त हलायला नको. इंधनच वाईट असेल तर त्यात क्लीनर घालून काय साधणार?

तपासा: पुढे जाण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहा. गरम इंजिनाचं आयडल आरपीएम, फ्युएल ट्रिमचे दोन्ही आकडे, आणि टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल पद्धतीने काढलेलं ॲव्हरेज. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज धरू नका.

२. तुमच्या इंजिनाची जात ओळखा

*पोर्ट इंजेक्शन, म्हणजे आपल्याकडचं एमपीएफआय.* वॅगन आर आणि स्विफ्टची साधी पेट्रोल इंजिनं, क्रेटाचं बिनटर्बो १.५ पेट्रोल, नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल ही या प्रकारातली. यात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जातं, म्हणून टाकीतलं क्लीनर इंजेक्टर, व्हॉल्व्ह आणि ज्वलनकक्ष या तिन्ही ठिकाणी काम करतं. बाटलीचा सर्वात जास्त उपयोग इथेच.

*डायरेक्ट इंजेक्शन.* फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय, ह्युंदाईची टर्बो जीडीआय, महिंद्राची टीजीडीआय, मारुतीचं बूस्टरजेट. यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हवर पडतच नाही. क्लीनर इंजेक्टरचं टोक आणि ज्वलनकक्ष साफ करेल. व्हॉल्व्हवरचा कार्बन जसाच्या तसा राहील. तो खरंच जाड झाला असेल तर मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचांच्या भुकटीने साफ करतात, आणि ते गॅरेजचं काम आहे. टर्बो आहे म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन असणारच, असा समज करून घेऊ नका. नेक्सॉनचं उदाहरण वर दिलंच आहे.

*सीएनजी.* पुण्या-मुंबईत सर्वात जास्त फसगत याच गाड्यांची होते. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात, थोड्या वेळात गॅसवर जातात, आणि पेट्रोलचे इंजेक्टर दिवसभर नुसते गरम सिलिंडर हेडशेजारी बसून राहतात. टाकीतलं पेट्रोल महिनोन् महिने तेच. अशा गाडीत क्लीनर ओतून सीएनजीवर फिरलात तर ते टाकीत पडून राहतं; इंजेक्टरमधून जातच नाही. आधी जुनं पेट्रोल पेट्रोल मोडवर चालवून पाव टाकीपर्यंत आणा, मग क्लीनर आणि ताजं पेट्रोल घाला, आणि ते सगळं पेट्रोलवरच संपवा. तेवढे दिवस गॅसचं बटण बंद. खर्च वाढेल, पण दुसरा मार्ग नाही.

*डिझेल.* याची बाटली पूर्णपणे वेगळी. डिझेलच्या क्लीनरमध्ये साधारणपणे पॉलिआयसोब्युटिलीन सक्सिनिमाइड जातीचा डिटर्जंट असतो, आणि पुष्कळदा सीटेन (डिझेल किती सहज पेटतं त्याचं माप) वाढवणारं २-इथाइलहेक्झिल नायट्रेटही. डिझेल गाडीत आधी फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरचं पाणी सोडा. पावसाळ्यात तर हे करायलाच हवं.

सावधान: पेट्रोलचं क्लीनर डिझेलच्या टाकीत घालू नका, थोडंसंही नाही. कॉमन रेल, म्हणजे उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या रचनेच्या, हाय प्रेशर पंपाला डिझेलच्या स्निग्धतेचंच वंगण मिळतं. ते वंगण पातळ केलं तर पंप खरवडतो आणि त्याचा कीस थेट इंजेक्टरमध्ये जातो. दुरुस्तीचं बिल बघून गाडी विकावीशी वाटते.

३. लेबलच्या पुढची बाजू सोडा, माहितीपत्रक वाचा

‘प्रो’, ‘मॅक्स’, ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ या शब्दांना काही अर्थ नाही. उत्पादनाचं सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला एमएसडीएस म्हणतात, कंपनीच्या साइटवर बहुधा मिळतं. त्यातला तिसरा विभाग घटकांचा असतो. नावं गोंधळात टाकणारी असतात, म्हणून शेजारचा सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक, बघा.

- ६४७४२-४७-८: हायड्रोट्रीटेड हलके डिस्टिलेट, म्हणजे रॉकेलच्या कुळातला द्रावक. हा वाहक आहे. बाटलीत हा असणं चूक नाही, पण जवळजवळ हाच असेल तर तुम्ही महागडं रॉकेल विकत घेताय.
- ८०५२-४१-३: स्टॉडर्ड सॉल्व्हंट. गोष्ट तीच.
- १३३०-२०-७: झायलीन. डिंकासारखा थर विरघळवण्यात बरं, पण कार्बनपुढे फारसं चालत नाही.
- ६७-६३-०: आयसोप्रोपिल अल्कोहोल. टाकीतलं थोडंसं पाणी इंधनात मिसळवून जाळण्यासाठी. हे क्लीनर नाही, पाणी काढणारं आहे.
- १०२-५४-५: फेरोसीन. ऑक्टेन वाढवणारं लोखंडी संयुग. प्लगच्या टोकावर तांबूस थर बसतो आणि प्लग बाद होतात. हा दिसला की बाटली घेऊ नका.

खरं काम करणारा घटक म्हणजे डिटर्जंट. पेट्रोल गाडीसाठी पॉलिइथरअमाइन, म्हणजे पीईए, शोधा. ज्वलनकक्षातल्या उष्णतेत टिकून साचलेला कार्बन सोडवणारा हाच. दुसरा पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन, म्हणजे पीआयबीए. तो इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवतो, पण ज्वलनकक्षात त्याचा फारसा उपयोग नाही, आणि जास्त झाला तर तिथला थर उलट वाढवतो. पीईएचं प्रमाण अनेक कंपन्या गुपित ठेवतात. मग निदान लेबलवर किंवा तांत्रिक पत्रकात नाव तरी लिहिलेलं असावं. नाव कुठेच नाही, फक्त ‘विशेष फॉर्म्युला’? मग नको.

‘ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला सुरक्षित’ हे वाक्य हवंच. गाडीच्या मॅन्युअलमधलं इंधनाचं पानही वाचा. काही उत्पादक बाहेरचं कोणतंही ॲडिटिव्ह घालू नका असं स्पष्ट लिहितात, आणि वॉरंटीत असलेल्या गाडीसाठी तो शब्द शेवटचा.

पंपांवरच्या प्रीमियम पेट्रोलमध्येही डिटर्जंट असतात, पण ते नव्याने घाण बसू नये एवढ्या मात्रेत. साचलेला थर काढायला बाटलीतली मात्राच लागते.

४. मात्रा मोजा, अंदाज नको

सर्वात जास्त चुका इथे. बाटलीवर ‘३०० मिली, ६० लिटरसाठी’ असं असेल तर हिशोब लिटरला ५ मिली. वॅगन आरची टाकी ३२ लिटर: १६० मिली. स्विफ्टची ३७: १८५ मिली. नेक्सॉनची ४४: २२० मिली. क्रेटाची ५०: २५० मिली. छोट्या गाडीला आख्खी बाटली म्हणजे जवळपास दुप्पट डोस.

‘जास्त घातलं की जास्त साफ’ असं होत नाही. जड डिटर्जंट पूर्ण जळत नाहीत. ते रिंगांवरून सरकून ऑइलमध्ये उतरतात आणि ऑइल पातळ करतात. उरलेले प्लगवर आणि ज्वलनकक्षात बसतात. औषधाच्या दुकानातलं मापाचं प्लास्टिकचं भांडं घ्या आणि ते फक्त याच कामाला ठेवा. उरलेली बाटली घट्ट बंद करून सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका.

५. हवेची वाट आधी

थ्रॉटल बॉडी अस्वच्छ असेल तर ती इंधनाच्या क्लीनरच्या आधी साफ करा. तिथली सुटलेली घाण शेवटी सिलिंडरमध्येच जाते, आणि पुढच्या टाकीतलं क्लीनर तिची विल्हेवाट लावतं.

थ्रॉटल बॉडीसाठीचाच स्प्रे घ्या. कार्ब्युरेटर क्लीनर काही थ्रॉटलवरचा लेप उतरवतो. इंजिन बंद आणि थंड. स्प्रे थेट आत न मारता कापडावर मारा आणि पाकळीच्या, म्हणजे हवा अडवणाऱ्या गोल झडपेच्या, कडा पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी हाताने जबरदस्तीने ढकलू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असतात. गाडीत एअर फ्लो सेन्सर असेल तर त्याची तार अतिशय नाजूक असते. त्याचा स्प्रे वेगळा मिळतो. तो नसेल तर सेन्सरला हातच लावू नका.

साफ केल्यावर आयडलिंग चढलेलं वाटेल. संगणक जुन्या घाणीच्या हिशोबाने पाकळी उघडत असतो. बऱ्याच गाड्या थोडं चालवल्यावर स्वतः सुधारतात, काहींना स्कॅनरने नव्याने शिकवावं लागतं.

६. टाकीत ओतणे

वेळ महत्त्वाची. पुढचं ऑइल बदलायला एक-दोन टाक्या उरल्या असतील तेव्हा हे करा. क्लीनरचा काही अंश ऑइलमध्ये उतरतोच. ते ऑइल लगेच निघून जाणार असेल तर चिंता नाही. सर्व्हिसिंग करून आल्याच्या दुसऱ्या दिवशी क्लीनर घालणारे नवं ऑइल स्वतःच खराब करतात.

टाकी पाव उरली की पंपावर जा. रिझर्व्ह लागेपर्यंत थांबू नका. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, आणि पेट्रोल संपत आलं की तळाचा गाळही ओढला जातो. आधी मोजलेलं क्लीनर ओता, मग टाकी ऑटो कट होईपर्यंत भरा. पेट्रोलच्या धारेने ते नीट मिसळतं. उलट केलंत तर ते फिलरच्या नळीत आणि वरच्या थरात बराच वेळ राहतं. हातात नायट्राइलचे मोजे घाला, पत्र्यावर सांडलं तर लगेच पुसा. रंगाची चमक जाते.

मग गाडी चालवा. पुणे-सातारा किंवा पुणे-नाशिकसारखी एखादी लांब दौड, इंजिन गरम, मध्यम-जास्त लोड. फक्त ऑफिसपर्यंतच्या तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ज्वलनकक्ष पुरेसा तापतच नाही. टाकी पुन्हा पावावर येईपर्यंत मध्ये पेट्रोल भरू नका. भरलंत तर मात्रा पातळ होते.

सावधान: गाडी वर्षभर उभी होती का? मग क्लीनर आधी नको. जुनं, आंबट वासाचं पेट्रोल काढा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाण्याचा थर तळाशी वेगळा बसतो, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. अशा टाकीत द्रावक घातला तर सुटलेला सगळा गाळ एकदम फिल्टरवर येऊन बसतो.

७. ऑइल बदल, आणि फ्लश लागलाच तर

बहुतेक वेळा वेळेवर ऑइल बदलणाऱ्या गाडीला फ्लशची गरज नसते. सर्व्हिस सेंटरच्या बिलात ‘इंजिन फ्लश’ आणि ‘डीकार्ब’ (कार्बन काढणं) या ओळी पुष्कळदा आपोआप छापल्या जातात. आधी सांगून खोडून घ्या.

ऑइल फिलरचं झाकण काढून टॉर्चने आत बघा. हलका तपकिरी रंग असेल तर ठीक आहे. डिझेल गाडीत ऑइल बदलल्यावर लगेच काळं होणं हेही नेहमीचं, ती काजळी असते, घाण नव्हे. पण आत काळा, जेलीसारखा गाळ दिसला तर फ्लश करू नका. सुटलेला गाळ संपातल्या ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो, दाब पडतो आणि बेअरिंगं किंवा टर्बो जातात. अशा इंजिनात चांगलं ऑइल घालून ते नेहमीपेक्षा बरंच लवकर, दोन-तीन हजार किलोमीटरला, दोनदा-तीनदा बदलणं हाच सुरक्षित मार्ग. वेळ लागतो, पण इंजिन राहतं.

गाळ नाही, मध्यम तपकिरी थर आहे, आणि फ्लश करायचाच असेल, तर:

1. टायमिंग बेल्ट तेलात बुडालेला असतो अशा इंजिनात (फोर्डचं १.० इकोबूस्ट) फ्लश नको. द्रावकाने बेल्टचं रबर फुगतं.
2. इंजिन गरम करून बंद करा, जुन्या ऑइलमध्ये फ्लश घाला. इथेही मात्रा बघा: बाटली बहुधा पाच लिटर ऑइलसाठीची असते, आणि छोट्या पेट्रोल गाडीत ऑइल तीन-साडेतीन लिटर.
3. लेबलवर सांगितली असतील तेवढीच मिनिटं, बहुधा १० ते १५, नुसतं आयडलिंग. रेस नाही, चालवणं तर नाहीच. ऑइलचा दिवा लागला तर त्या क्षणी बंद.
4. ऑइल गरम असतानाच ड्रेन प्लग काढून सोडा. वरून पाइपने ओढून घेणाऱ्या मशीनने तळाचं राहतं, आणि तेच द्रावक नव्या ऑइलमध्ये मिसळतं.
5. फिल्टर नवा. जुना ठेवून फ्लश करण्यात काहीच मतलब नाही.

गल्लीतल्या गॅरेजमध्ये लिटरभर डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन धुण्याची पद्धत अजून आहे. त्याने ऑइलची स्निग्धता इतकी पडते की धातू धातूवर घासतो. मेकॅनिक ओळखीचा असला, प्रेमाने म्हणाला, ‘काका, काही होत नाही’, तरी नको म्हणा.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

८. निकाल बघा, मग पुढचं ठरवा

टाकी संपली, ऑइल बदललं. आता वहीतले तीन आकडे पुन्हा घ्या, त्याच रस्त्यावर, त्याच पंपाच्या पेट्रोलवर. ट्रिम शून्याकडे सरकला, थरथर कमी झाली तर इंजेक्टरच तुंबले होते. फरक अर्धवट असेल तर पुढच्या ऑइल बदलाच्या आधी आणखी एक टाकी. लागोपाठ चार बाटल्या नकोत. त्यानंतर वर्षातून एकदा, सर्व्हिसच्या आधीच्या टाकीत, पुरे.

दोन टाक्यांनंतरही लोडवर ट्रिम वरच, आणि इंधनाचा दाब बरोबर असेल तर आता बाटली बंद करा. इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक टाकीत साफ करून घ्या, आणि आधी व नंतर सगळ्या इंजेक्टरचा फ्लो मोजून दाखवायला सांगा. साफ केल्यावरही एखादा बाकीच्यांपेक्षा कमी फवारत असेल तर तो बदलायचा. परत बसवताना ओ-रिंग (रबरी सील) नव्याच घालायला सांगा आणि गाडी ताब्यात घेण्याआधी इंजिन चालू करून रेलपाशी, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीपाशी, पेट्रोल झिरपत नाही ना, ते स्वतः वाकून बघा.